पुन्हा पुन्हा येणाऱ्या पायऱ्या : संगणकीय सूचनापुस्तिकांच्या लेखनाविषयी

(संगणकीय सेवांच्या सूचनापुस्तिका तयार करणारे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी घेतलेल्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



शासनाचे काम कागदावरून संगणकावर आले आणि त्याबरोबर एक नवा लेखनप्रकार आपल्या टेबलावर येऊन पडला. तो म्हणजे सूचनापुस्तिका. लॉगिन कसे करावे, माहिती कोठे भरावी, कोणते बटण केव्हा दाबावे, हे सांगणारी आठ-दहा पानांची पुस्तिका आता प्रत्येक विभागाला काढावी लागते आणि ती लिहिणारा बहुधा आपल्यापैकीच कोणीतरी असतो. साहित्याच्या दरबारात या लेखनाला आसन नाही, हे खरे. परंतु महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे, आणि त्या सेवांपैकी अनेकींचा दरवाजा आज संगणकाच्या किंवा मोबाईलच्या स्क्रीनवर उघडतो. सूचना नीट कळली नाही, तर हक्क दाराशीच अडून राहतो. म्हणून ही आठ-दहा पाने क्षुल्लक नव्हेत.

या लेखनातील सर्व प्रश्नांचा ऊहापोह एका व्याख्यानात होणार नाही. आज मी एकच प्रश्न आपल्यापुढे मांडणार आहे. पुस्तिका लिहिताना काही पायऱ्या पुन्हा पुन्हा येतात. त्या प्रत्येक वेळी लिहाव्यात, की एकदा लिहून पुढे ‘वरीलप्रमाणे’ म्हणावे? प्रश्न लहान दिसतो. परंतु सूचना वाचणारा माणूस वाट चुकण्याच्या ज्या जागा असतात, त्यांतील पुष्कळशा याच प्रश्नापाशी आहेत.

दोन निराळ्या पुनरावृत्ती

प्रथम एक भेद ध्यानात घेऊ. पुनरावृत्ती दोन प्रकारची असते आणि दोन्हींना एकच उपाय लागू पडत नाही.

पहिल्या प्रकारात कामे निराळी असतात, पण त्यांतील काही पायऱ्या सारख्या असतात. भूमिअभिलेखाच्या सेवांचे उदाहरण पाहा. सातबारा पाहावयाचा असो, आठ-अ पाहावयाचा असो की फेरफार पाहावयाचा असो. जिल्हा, तालुका व गाव निवडणे हे प्रत्येक ठिकाणी आलेच. यांना आपण सामाईक पायऱ्या म्हणू.

दुसऱ्या प्रकारात काम एकच असते, परंतु ते अनेकांसाठी करावयाचे असते. शाळांच्या यू-डायस प्लस प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची सर्वसाधारण माहिती, प्रवेशविषयक माहिती व सुविधांची माहिती असे तीन भाग भरावे लागतात. पटावर जितकी मुले, तितक्या वेळा तेच तीन भाग. राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतही तसेच आहे. शेतकऱ्याने आपली नोंदणी एकदा केली, की पुढे प्रत्येक गटातील प्रत्येक पिकासाठी पिकाचे नाव, क्षेत्र, सिंचनाचे साधन व शेतात उभे राहून काढलेले छायाचित्र, हा क्रम पुन्हा चालवावयाचा असतो. यांना आपण फेऱ्यांच्या पायऱ्या म्हणू.

सामाईक पायऱ्यांत वाचकाचा प्रश्न असतो, ‘ते कोठे सांगितले आहे?’ फेऱ्यांच्या पायऱ्यांत त्याचा प्रश्न असतो, ‘आता मागे कोठवर जायचे आणि थांबायचे केव्हा?’ प्रश्न निराळे, म्हणून उत्तरेही निराळी.

जुन्या शास्त्रांचा मार्ग

हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. क्रमाने करावयाच्या क्रिया शब्दांत बांधण्याची वेळ ज्या ज्या शास्त्रावर आली, त्या त्या शास्त्राला याचा विचार करावा लागला. आपल्याकडील दोन उदाहरणे फार बोलकी आहेत.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत. एका सूत्रातील शब्द पुढील सूत्रांत पुन्हा न लिहिता तेथेही लागू समजावयाचा, अशी तिची रीत आहे. या रीतीस अनुवृत्ती म्हणतात. ग्रंथ इतका आटोपशीर होण्याचे ते एक मोठे कारण होय.

दुसरे उदाहरण यज्ञविधींचे आहे. श्रौतसूत्रांत दर्शपूर्णमास हा याग सांगोपांग वर्णिला आहे. त्या धर्तीच्या इतर इष्टींचे वर्णन करताना सर्व विधी पुन्हा सांगत नाहीत. जेवढे वेगळे, तेवढेच सांगतात. नमुन्याच्या विधीला प्रकृती म्हणावयाचे आणि त्यावर बेतलेल्यांना विकृती. नमुन्यातील क्रिया दुसरीकडे लागू होणे म्हणजे अतिदेश. लागू करताना बदल करणे म्हणजे ऊह. मूळ मंत्रात अग्नीचे नाव असेल आणि येथे देवता सूर्य असेल, तर सूर्याचे नाव घालावयाचे. आणि नमुन्यातील एखादी क्रिया येथे गाळावयाची असेल, तर तो बाध. जैमिनीच्या बारा अध्यायांपैकी सातव्यापासून दहाव्यापर्यंतचे चार अध्याय याच विचाराला वाहिलेले आहेत. एवढा सूक्ष्म विचार ज्या प्रश्नावर झाला, तो आपण ‘वरीलप्रमाणे’ या एका शब्दाने सुटला असे समजतो, हे नवल आहे.

आता या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. व्याकरणाच्या विद्यार्थ्याला अष्टाध्यायी मुखोद्गत असे. ऋत्विजाला दर्शपूर्णमास अंगवळणी पडलेला असे. मागचे सूत्र शोधावयास त्याला पान उलटावे लागत नव्हते. घरातील पाककृतीचेही तसेच आहे. ‘नेहमीप्रमाणे फोडणी करावी’ हे वाक्य स्वयंपाक जाणणाऱ्याला पुरते, कारण फोडणी त्याच्या हातात असते. प्रथमच चुलीपुढे उभ्या राहिलेल्या मुलाला ते वाक्य काहीच सांगत नाही.

आपला वाचक कोणता? तो पुस्तिका पाठ करीत नाही. पहिल्या पानापासून वाचीतही नाही. त्याला फेरफार पाहावयाचा असतो, म्हणून तो थेट सातवे पान उघडतो. एका हातात मोबाईल, समोर रांग, आणि नेटवर्क कधी जाईल याचा भरवसा नाही, अशा स्थितीत तो वाचीत असतो. पाठ करून वापरण्याच्या ग्रंथाला संक्षेप शोभतो. अडल्यावर उघडण्याच्या ग्रंथाला जागच्या जागी सांगणे शोभते. माझ्या आजच्या सांगण्याचे सार एवढेच आहे की, पुनरावृत्तीचा भार कोणीतरी उचलावाच लागतो. तो लिहिणाऱ्याने उचलावा, कागदाने उचलावा, फार तर संगणकाने उचलावा. वाचणाऱ्यावर टाकू नये.

‘वरीलप्रमाणे’ची अडचण

कायद्याच्या भाषेत ‘योग्य त्या फेरफारांसह लागू होईल’ हा शब्दप्रयोग आपण सर्वांनी वाचला आहे. तेथे तो योग्य आहे. कोणते फेरफार योग्य, हे ठरविण्यासाठी वकील आहेत, न्यायालये आहेत, आणि विचार करण्यास वेळ आहे. सेवा केंद्राच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाजवळ यांपैकी काही नसते. त्याला ‘वरीलप्रमाणे’ म्हटले की त्याच्यापुढे तीन शंका उभ्या राहतात. वरील म्हणजे कोठपासून? सगळेच तसेच, की काही वेगळे? आणि ते संपल्यावर पुढे कोठे?

त्यात आज बहुतेक पुस्तिका छापील प्रतीऐवजी मोबाईलवर वाचल्या जातात. छापील पुस्तिकेत मागच्या पानात बोट ठेवून पुढचे पान वाचता येते. मोबाईलच्या चार बोटे रुंद काचेवर बोट ठेवावयास जागा नाही. शिवाय ज्या मोबाईलवर पुस्तिका, त्याच मोबाईलवर अर्ज. वाचक पुस्तिकेत मागे गेला, की अर्ज नजरेआड होतो; परत येईपर्यंत सत्राची वेळ संपून लॉगिन पुन्हा करण्याचा प्रसंग येतो. कागद वाचविण्यासाठी केलेला संक्षेप आता कागदही वाचवीत नाही आणि माणसाचा वेळ मात्र खर्च करतो.

सामाईक पायऱ्या : केव्हा लिहाव्यात, केव्हा निर्देश करावा

मग प्रत्येक पायरी प्रत्येक ठिकाणी लिहावी काय? तसेही नाही. प्रत्येक कामाच्या आरंभी लॉगिनच्या सहा पायऱ्या छापल्या, तर रोज प्रणाली वापरणारा कर्मचारी त्या डोळ्यांआड करू लागतो, आणि त्यांच्यापुढे असलेली महत्त्वाची सातवी पायरीही त्याच सवयीने सुटते. यासाठी काही साधे नियम उपयोगी पडतात.

पहिला नियम असा की, सर्व कामांच्या आधी येणाऱ्या पायऱ्या एकदाच ‘सुरुवातीची तयारी’ या मथळ्याखाली द्याव्यात. पुढे प्रत्येक कामाच्या डोक्यावर त्या पायऱ्या न लिहिता, काम सुरू करतानाची स्थिती लिहावी. ‘आपण लॉगिन केलेले आहे व समोर मुख्य पान दिसत आहे’ एवढे एक वाक्य पुरते. समोर ते पान असेल तर वाचक पुढे जातो. नसेल, तर त्याला तयारीचे पान पाहावयास हवे हे कळते. म्हणून त्या पानाचा क्रमांक त्याच वाक्याला जोडावा.

दुसरा नियम : सामाईक भाग दोन-तीन पायऱ्यांचा असेल, तर तो जेथे लागेल तेथे पूर्ण लिहावा. ‘जिल्हा, तालुका व गाव निवडा’ हे लिहिण्यास अर्धी ओळ लागते. ते टाळून ‘पृष्ठ ३ पाहा’ असे लिहिण्यात काय साधते?

तिसरा नियम : भाग लांब असेल, उदाहरणार्थ छायाचित्र व कागदपत्रे ठरलेल्या आकारात करून जोडणे, तर त्याला एक नाव द्यावे, स्वतंत्र पानावर द्यावे आणि इतरत्र निर्देश करावा. निर्देशाची तीन पथ्ये आहेत. नाव आणि पृष्ठ दोन्ही सांगावे. परत कोठे यावयाचे ते सांगावे : ‘पृष्ठ ९ वरील “कागदपत्र जोडणे” पूर्ण करा आणि मग येथे पायरी ६ वर या.’ आणि निर्देश एकाच पातळीचा असावा. पृष्ठ ९ वर गेलेल्या माणसाला तेथे ‘यासाठी पृष्ठ ४ पाहा’ असे सांगणे म्हणजे एका कार्यालयाने दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठविण्यासारखेच आहे. नागरिकाला तो अनुभव खिडकीवर नको, तसा पुस्तिकेतही नको.

चौथा नियम वेगळेपणाविषयी आहे. दोन कामांत एखादाच तपशील निराळा असेल, तर तो वाचकाला शोधावयास लावू नये. सातबाऱ्यासाठी गट क्रमांक, आठ-असाठी खाते क्रमांक आणि फेरफारासाठी फेरफार क्रमांक लागतो. अशा वेळी कृती एकदाच लिहून तिच्याशेजारी तीन ओळींचा तक्ता द्यावा : कोणता उतारा, कोणता क्रमांक. मीमांसकांच्या शब्दांत सांगावयाचे तर अतिदेश जरूर करावा, परंतु ऊह वाचकाच्या कल्पनेवर सोडू नये. तो आपणच करून द्यावा.

फेऱ्यांच्या पायऱ्या : कोठून, कोणासाठी, कोठपर्यंत

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. येथे यंत्राचा इतिहास थोडा आठवावा लागेल. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्राविषयी एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये विस्तृत टिपा प्रसिद्ध केल्या. बर्नुली संख्या काढण्याची रीत त्यांनी क्रमांकवार पायऱ्यांच्या तक्त्यात मांडली, आणि पुढे त्याच पायऱ्या लागतात तेथे त्या पुन्हा न लिहिता तेराव्यापासून तेविसाव्यापर्यंतच्या क्रिया पुन्हा कराव्यात, असे नमूद केले. यंत्र कधी पूर्ण झाले नाही, पण ‘येथून येथपर्यंत पुन्हा’ ही सूचना नेमक्या क्रमांकांसह देण्याचा तो एक आद्य नमुना होय. यंत्रासाठी लिहिताना जो नेमकेपणा अटळ होता, तो माणसासाठी लिहिताना आपण सैल का सोडावा?

समजुतीसाठी एक नमुना घेऊ. एखाद्या पुस्तिकेत असे लिहिले आहे : ‘विद्यार्थ्याचे नाव निवडा. तिन्ही भागांतील माहिती भरा. सेव्ह करा. माहिती अंतिम करा. वरीलप्रमाणे सर्व विद्यार्थ्यांची माहिती भरावी.’ वाक्ये शुद्ध आहेत, पण शिक्षक पेचात पडतो. ‘अंतिम करा’ हे प्रत्येक मुलागणिक, की सर्व वर्गाचे झाल्यावर एकदा? त्याने पहिल्याच मुलानंतर संपूर्ण वर्ग अंतिम केला, तर उरलेल्या मुलांची माहिती भरण्यासाठी वर्ग पुन्हा खुला करून घेण्याची यातायात करावी लागते. दुसरी अडचण अशी की, ‘सर्व विद्यार्थ्यांची’ ही सूचना शेवटी आली. सूचना वाचणारा माणूस एकेक ओळ वाचतो आणि एकेक ओळ करतो. शेवटची ओळ वाचेपर्यंत त्याचा हात अंतिम बटणावरून फिरलेला असतो.

हीच सूचना अशी लिहिता येईल : ‘वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्यासाठी पायरी १ ते ३ कराव्यात. पायरी ४ ही सर्व विद्यार्थ्यांची माहिती भरून झाल्यावर एकदाच करावी. १. विद्यार्थ्याचे नाव निवडा. २. तिन्ही भागांतील माहिती भरा. ३. सेव्ह करा. पुढील विद्यार्थी असल्यास पायरी १ वर जा. ४. भरलेल्या विद्यार्थ्यांची संख्या पटाशी जुळते का ते पाहा. जुळल्यावरच माहिती अंतिम करा.’ चार वाक्ये वाढली नाहीत, पण वाचकाला चार गोष्टी आधी कळल्या : फेरी कोणासाठी, कोठून सुरू, कोठे संपते, आणि फेरीबाहेर काय आहे.

मराठीतील काही शब्द येथे सांभाळून वापरावे लागतात. ‘पुन्हा करा’ याचा अर्थ ‘पुढच्यासाठी करा’ असा होतो, तसाच ‘आधीचे चुकले म्हणून त्याच्याचसाठी परत करा’ असाही होतो. म्हणून ‘पुढील विद्यार्थ्यासाठी करा’ असे म्हणावे. ‘दोनदा करा’ आणि ‘आणखी दोनदा करा’ यांत एका फेरीचा फरक पडतो. ‘पायरी ७ पर्यंत’ म्हटल्यावर सातवी धरावयाची की नाही, अशी शंका राहते. ‘पायरी ७ धरून’ म्हटले की ती जाते.

यंत्र थकत नाही, माणूस थकतो. म्हणून लांब फेरीत विसाव्याची जागा सांगणे हे आपले कर्तव्य आहे. ‘पायरी ३ नंतर काम थांबविता येते, भरलेली माहिती राहते व दुसऱ्या दिवशी पुढील नावापासून सुरू करता येते’ या एका वाक्याने शिक्षकाची रात्र वाचू शकते. त्याचप्रमाणे शेवटी मोजणीचा ताळा द्यावा. ई-पीक पाहणीत एखाद्या शेतकऱ्याचे तीन गट असतील आणि त्यांपैकी एकात दोन पिके असतील, तर नोंदी चार व्हावयास हव्यात. तिसऱ्या गटाची नोंद राहून गेली, तर सातबाऱ्यावर त्या क्षेत्रापुढे पीक दिसत नाही, आणि पीक विमा, हमीभावाने खरेदी किंवा नैसर्गिक आपत्तीची मदत यांच्या वेळी तीच रिकामी जागा त्याच्या आड येते. ‘नोंदी किती झाल्या ते मोजा’ ही ओळ लिहिण्यास काहीच खर्च नाही. ती नसण्याचा खर्च मात्र शेतकरी भरतो.

जी पायरी दुसऱ्यांदा करू नये

पुनरावृत्तीचा तिसराही एक प्रकार आहे. तो आपण लिहीत नाही, परंतु तो घडतो. वीज जाते, नेटवर्क तुटते, स्क्रीन पांढरी होते, आणि माणूस साहजिकच तेच बटण पुन्हा दाबतो. नाव निवडण्याची पायरी दहा वेळा केली, तरी नुकसान नाही. शुल्क भरण्याची पायरी दोनदा झाली, तर खिशातून दुप्पट रक्कम जाते. अर्ज सादर करण्याची पायरी दोनदा झाली, तर दोन अर्ज तयार होऊन दोन्ही अडकण्याचा संभव असतो.

यास्तव पुस्तिका लिहिण्यापूर्वी प्रत्येक पायरीपुढे एक खूण करावी : ही पुन्हा केली तर चालेल काय? ज्या पायऱ्यांचे उत्तर ‘नाही’ असे येईल, त्यांच्यापाशी खंड पडल्यास काय करावे, हे त्याच जागी लिहावे. पुस्तिकेच्या शेवटी ‘अडचणी व निराकरण’ या प्रकरणात नव्हे. ‘रक्कम खात्यातून गेली आणि पावती दिसली नाही, तर पुन्हा रक्कम भरू नका. आधी “माझे व्यवहार” उघडून पाहा.’ दुरुस्तीची मुदत असेल तर तीही येथेच यावी. ई-पीक पाहणीच्या २०२२ मधील दुसऱ्या आवृत्तीत शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांच्या आत एक वेळ दुरुस्त करण्याची सोय देण्यात आली होती. अशी सोय माहीत असलेला माणूस घाबरून दुसरी नोंद करीत नाही. पहिलीच दुरुस्त करतो.

एकच शब्द, एकच वाक्य

आपल्यापैकी जे कला शाखेतून आले आहेत, त्यांना शाळेपासून शिकविलेले आहे की एकच शब्द लागोपाठ वापरणे हा लेखनाचा दोष. निबंधात तो दोष असेलही. सूचनांत मात्र तोच गुण आहे. पहिल्या पानावर ‘सादर करा’, तिसऱ्यावर ‘दाखल करा’, पाचव्यावर ‘पाठवा’ असे लिहिले, तर वाचक स्क्रीनवर तीन निरनिराळी बटणे शोधू लागतो. बटणावर जो शब्द आहे, तोच शब्द प्रत्येक वेळी लिहावा. तीच पायरी पुन्हा आली, तर तेच वाक्य यावे, मात्राही न बदलता. वाक्य बदलले की वाचकाला वाटते, क्रियाही बदलली असावी.

न्यायशास्त्राने याबाबत एक मार्मिक भेद केला आहे. वादात तेच पुन्हा बोलणे, म्हणजे पुनरुक्त, हे त्या शास्त्रात पराभवाचे स्थान मानले आहे. परंतु त्याला एक अपवाद ठेवला आहे. प्रयोजनासाठी केलेल्या पुनर्कथनाला अनुवाद म्हणावे आणि तो दोष धरू नये. आज अनुवाद शब्दाचा रूढ अर्थ भाषांतर असा आहे. येथे मात्र तो या जुन्या अर्थाने घ्यावा. एखादे वाक्य दुसऱ्यांदा लिहिताना आपण स्वतःला एवढेच विचारावे : हे पुनरुक्त आहे, की अनुवाद?

लिहिणाऱ्याचे दप्तर

येथे एक रास्त आक्षेप निघतो. तीच पायरी बारा ठिकाणी लिहिली आणि उद्या प्रणालीची नवी आवृत्ती आली, तर बारा ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल. दहा ठिकाणी झाली आणि दोन राहिली, तर पुस्तिका स्वतःशीच भांडू लागेल. हा आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर असे की, वाचकाला बारा ठिकाणी मिळावे, पण लिहिणाऱ्याच्या दप्तरात ते एकाच ठिकाणी असावे.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी हा धडा फार लवकर गिरविला. केंब्रिज येथील एडसॅक या संगणकावर काम करणाऱ्या विल्क्स, व्हीलर व गिल यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, वारंवार लागणाऱ्या आज्ञांचे गट एकदा तपासून, नाव देऊन संग्रहात ठेवावेत आणि हवे तेथे वापरावेत, ही रीत मांडली आहे. पुढे दस्तऐवज लिहिणाऱ्यांसाठीही तशी साधने आली. २००५ मध्ये मानक म्हणून मान्य झालेल्या ‘डिटा’ या पद्धतीत परिच्छेद एकाच जागी लिहून अनेक पुस्तिकांत आपोआप आणता येतो; मूळ जागी दुरुस्ती केली आणि पुस्तिका पुन्हा तयार केली, की ती सर्वत्र होते.

तालुका पातळीवर अशी साधने नसली, तरी त्यांचे तत्त्व वापरता येते. सामाईक भागांची एक वेगळी फाईल ठेवावी. प्रत्येक भागाला क्रमांक द्यावा. शेजारी तो भाग कोणत्या पुस्तिकेत, कोणत्या पानावर वापरला आहे, याची नोंद ठेवावी. आवक-जावक नोंदवही सांभाळणाऱ्या कार्यालयाला ही शिस्त नवी नाही. नवी आवृत्ती आली की आधी या फाईलमध्ये दुरुस्ती, मग नोंदीप्रमाणे प्रत्येक पानावर. आणि प्रत्येक पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ती प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे, ते दिनांकासह छापावे.

पुनरावृत्तीचे मूळ

शेवटचा मुद्दा अधिकाऱ्यांसाठी आहे. पुस्तिकेत एखादी पायरी वीस वेळा लिहावी लागत असेल, तर तो नेहमीच लेखनाचा प्रश्न नसतो. पुष्कळदा तो प्रणालीचा प्रश्न असतो. गावाच्या ग्रामपंचायतीने प्रत्येक नोंदीच्या वेळी आपला जिल्हा, आपला तालुका आणि आपलेच गाव पुन्हा का निवडावे? गतवर्षीची न बदललेली माहिती शिक्षकाने पुन्हा का टंकावी? सूचना लिहिणारा माणूस हा प्रणालीतील प्रत्येक पायरी शब्दशः चालून पाहणारा पहिला वाटसरू असतो. कोठे चढ अकारण आहे, हे त्याला इतरांआधी कळते. म्हणून पुस्तिका पूर्ण झाली, की पुन्हा पुन्हा येणाऱ्या पायऱ्यांची एक यादी करून ती प्रणाली तयार करणाऱ्यांकडे पाठवावी. त्यांतील पाच पायऱ्या जरी प्रणालीने स्वतःकडे घेतल्या, तरी पुस्तिकेची दोन पाने कमी होतील आणि राज्यभरातील हातांचे श्रम त्याहून कितीतरी पटींनी कमी होतील. जी सूचना लिहावीच लागली नाही, ती सर्वांत उत्तम सूचना.

पुस्तिका छापण्यापूर्वी आणखी एक गोष्ट अवश्य करावी. जिने ही प्रणाली पूर्वी पाहिलेली नाही अशी एखादी ग्रामपंचायत सदस्य, अंगणवाडी सेविका किंवा शिक्षिका यांच्या हाती मसुदा द्यावा आणि आपण शेजारी गप्प बसावे. समजावून सांगण्याचा मोह आवरावा. त्यांची नजर स्क्रीनवरून पुस्तिकेकडे परत आली, की तिला आपली ओळ चटकन सापडते का, एवढेच पाहावे. जेथे त्या पाने चाळू लागतील, तेथे आपला निर्देश चुकला. जेथे त्या ‘हे परत करायचे का?’ असे विचारतील, तेथे आपली फेरी अस्पष्ट राहिली. अशा जागा मसुद्यावर तेथल्या तेथे टिपाव्यात आणि दुरुस्ती करून तोच मसुदा दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावा. पहिलीला आता वाट माहीत झालेली असते. तिची परीक्षा पुन्हा घेण्यात अर्थ नाही.

हे सर्व करावयास आपले एक-दोन दिवस अधिक जातील. परंतु ती पुस्तिका ज्या ज्या गावात उघडली जाईल, तेथील माणसाला आपले काम करून घेण्यासाठी दुसऱ्या कोणाची मनधरणी करावी लागू नये, हाच तिचा हेतू आहे. तो साधत असेल, तर आपले ते एक-दोन दिवस सत्कारणी लागले असे मी समजेन.